घरातला दुसरा श्वास

मंगळवार, ४ फेब्रुवारी

प्रेशर १७२/१००. मशीन बिघडलेलं आहे. डॉक्टरीणबाईंना तसं स्पष्ट सांगितलं. त्यांनी तोच पट्टा स्वतःच्या दंडाला लावून दाखवला. त्यांचं ११६ आलं. म्हटलं, बघा, प्रत्येकाला वेगळं दाखवतंय. त्या हसल्या नाहीत.

दोन गोळ्या. एक पांढरी, एक पिवळी. पिवळीने लघवी जास्त होईल, पण अंगातलं जास्तीचं पाणी निघून जाईल, ती चुकवायची नाही, म्हणाल्या. शिवाय दवाखान्याच्या वर हॉल आहे, तिथे साठीच्या पुढच्या प्रेशरवाल्यांना श्वासाचे व्यायाम शिकवतात. मंगळवार आणि शुक्रवार. व्यायाम गोळ्यांच्या जोडीला करायचा, गोळ्यांऐवजी नाही, हे वाक्य दोनदा बोलल्या. माझा चेहराच तसा असावा.

निश्चय: मीठ कमी. व्यायाम रोज. गोळ्या लवकरात लवकर सुटल्या पाहिजेत. त्यासाठी आधी सुरू कराव्या लागतील. सोमवारपासून. आठवड्याच्या मध्येच काही सुरू केलं की नीट लागत नाही.

मुलीचा फोन. खोटं बोललो नाही. आकडा फक्त गोल केला. दीडशे म्हटलं.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

पहिला क्लास. शिकवणारी बाई तिशीची, फिजिओथेरपिस्ट, हळू बोलणारी. मनातल्या मनात तिचं नाव श्वासबाई ठेवलं. नाकाने आत घ्यायचा, मनात चार म्हणेपर्यंत. गरम चहावर फुंकर मारतो तसा ओठांचा चंबू करून सोडायचा, सहापर्यंत. पोटावर हात. कोंडून ठेवायचा नाही. गरगरलं तर थांबायचं. बसून करा नाहीतर पडून, जसं सोयीचं.

म्हटलं, अडुसष्ट वर्षं श्वास घेतोय, अजून एकदाही चुकलेलो नाही. ती म्हणाली, काका, खांदे खाली घ्या.

बाकी मंडळी बेतास बात. शेजारच्या खुर्चीवर रिटायर्ड हेडमास्तर. श्वास सोडायच्या आधीसुद्धा हात वर करतात. त्यांचं महिन्याभरात १७० चं १३२ झालंय. दर पाच मिनिटांनी सांगतात. पलीकडे बँडमध्ये ट्रम्पेट वाजवणारे एक गृहस्थ. फुंकर मारली तर समोरच्या बाईंचा पदर हलतो. मी दोघांनाही मागे टाकणार.

रविवार, ९ फेब्रुवारी, सकाळ

घरी प्रथमच व्यायाम. बाहेरच्या खोलीतला पलंग मऊ पडतो, म्हणून आतल्या खोलीत केला. हिच्या खोलीत. ही ऑक्टोबरात गेली तेव्हापासून दार लोटलेलं होतं. त्यामागे काही कारण नाही. वापर नव्हता, एवढंच.

उताणा पडलो. चार आत, सहा बाहेर. थोड्या वेळाने लक्षात आलं की खोलीत आणखी कोणीतरी श्वास घेतंय.

मी उठून बसलो. आवाज बंद. पडलो. पुन्हा सुरू.

छत्तीस वर्षं लिफ्टची तपासणी केली आहे. केबलचा कोणता, पुलीचा कोणता, दाराचा कोणता, डोळे मिटून सांगायचो. कुठला आवाज कुठून येतो हे मला कोणी शिकवू नये. हा भिंतीतला आहे. पाइप. उद्या बघतो.

सोमवार, १० फेब्रुवारी

पाइप नाही. मेन कॉक बंद करून ऐकलं. फ्रीजही नाही, प्लग काढून ठेवला होता. (मग लावायचा राहिला. दूध नासलं.)

वरच्या मजल्यावर शिवणकाम करणारी बाई राहते. तिला जाऊन विचारलं, आपल्याला दमा आहे का? नाही म्हणाली. घोरता का? तिने दार लावून घेतलं. लोकांना शास्त्रीय चौकशी कशाशी खातात ते कळत नाही.

या गडबडीत गोळ्या सुरू करायचं राहून गेलं.

बुधवार, १२ फेब्रुवारी

पद्धतशीर निरीक्षण केलं. निष्कर्ष:

आवाज फक्त आतल्या खोलीत, मी पडलो की येतो. मी श्वास सोडला की तोही सुटतो. श्वास रोखून कान द्यावा तर तोही थांबतो. मी घेतला की पुन्हा चालू. म्हणजे जे काही आहे त्याला मी ऐकतोय हे कळतं.

शेवटी बारीक शीळ, आणि तिच्या खाली बुडबुडे फुटल्यासारखं. हिचा दमा असाच वाजायचा. लग्न झालं तेव्हा पहिला आठवडाभर मला झोप लागली नव्हती. पुढे ती माहेरी गेली की झोप लागायची नाही. ही फक्त नोंद. मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही.

शनिवार, १५ फेब्रुवारी

मुलीने व्हिडिओ कॉलवर गोळ्यांचं पाकीट दाखवायला लावलं. एकही फोडलेली नव्हती. बोलली बरंच. आईच्या वेळी असंच करायचात का, म्हणाली. म्हटलं, तिच्या औषधांची वेळ मी एकदाही चुकवली नाही.

तिच्यासमोर दोन्ही गोळ्या घेतल्या. आता घेणार. शब्द दिलाय.

बुधवार, १९ फेब्रुवारी

पिवळी गोळी म्हणजे निव्वळ शिक्षा. दिवसभर बाथरूमच्या वाऱ्या. पण जिना चढताना धाप कमी. व्यायामाचा परिणाम.

आवाज आज अगदी बारीक. कान टवकारले तरच.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

क्लासमध्ये १४२/८६. श्वासबाईने सगळ्यांना सांगितलं. टाळ्या. हेडमास्तरांनी हात वर करून अभिनंदन केलं, त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. मला काही विशेष वाटलं नाही.

घरी येऊन पडलो. काही नाही. कूस बदलून बघितलं. पायथ्याकडे डोकं करून बघितलं. काही नाही. खोली म्हणजे नुसती खोली. कपाट, खुर्ची, खिडकी.

ज्यावर बारा दिवस लक्ष ठेवलं तो आवाज असा अचानक बंद होतो याचा एक तंत्रज्ञ म्हणून त्रास झाला. दुसरं काही नाही.

सोमवार, २४ फेब्रुवारी

अजून नाही.

व्यायामात मन लागत नाही. चार म्हणायचं तिथे सात होतात.

विचार केला. कुठल्याशा गोळ्यांनी कान बधिर होतात असं कुठेतरी वाचलं होतं. आमच्या कामात कान गेला की माणूस गेला. पिवळी काही दिवस बंद. पांढरीचाही संशय आहे, तीही बंद. प्रयोग म्हणून. शब्द मोडला असं नाही, पुढे ढकलला.

मुलगी पाकीट बघते. म्हणून रोजच्या दोन फोडून हिच्या चष्म्याच्या रिकाम्या घरात टाकतो. चष्मा हिच्याबरोबर गेला.

शनिवार, १ मार्च

आला. आली. आला.

सकाळी, तिसऱ्याच श्वासाला. आधी शीळ, मग बुडबुडे. मी हललोसुद्धा नाही. किती वेळ पडून होतो कोण जाणे. व्यायामाला काय सुंदर ताल आला. जोडीने केलेल्या व्यायामाची गोष्टच वेगळी.

चहा दोन कप झाला. चुकून. दोन्ही प्यायलो, वाया कशाला घालवा.

बुधवार, ५ मार्च

आता दिवसातून तीनदा व्यायाम. सकाळी, दुपारी, दिवे लागायच्या वेळी. एवढी निष्ठा हेडमास्तरांकडे नाही.

आज पेपर मोठ्याने वाचला, पडल्या पडल्या. वाचत असेपर्यंत आवाज नाही, थांबलो की सुरू. ही पण अशीच. कोणी बोलत असलं की चूप बसून ऐकायची, आणि बोलणं संपलं की एक मोठा श्वास सोडायची, म्हणजे माझं मत तिला पटलेलं नाही. आजही अग्रलेखानंतर तसाच सुटला. मला हसू आलं.

पाणी हवंय का, विचारलं. हे कुठे बोलायचं नाही.

सोमवार, १० मार्च

बूट चढेनात. गेल्याच वर्षी घेतलेले. चामडं आक्रसलं असणार. चपला घालतो.

वजन वाढलंय. फुप्फुसं भरली की वाढणारच.

आमच्या इमारतीची लिफ्ट बंद पडली. तिसऱ्या मजल्यापर्यंत दोनदा थांबावं लागलं. जिन्याच्या पायऱ्या एकसारख्या नाहीत, हे मी पूर्वीही कळवलं होतं.

मुलगी म्हणाली, बाबा, बोलताना दम का लागतोय? म्हटलं, तुझा फोन आला की धावत येतो ना. ती म्हणाली, फोन तर तुमच्या खिशातच असतो. आमच्याकडे या काही दिवस, म्हणाली. म्हटलं, इथे माझा व्यायाम नीट चालू आहे. मध्ये खंड पडला की सगळं गेलं.

शुक्रवार, १४ मार्च

क्लास बुडवला. पट्टा लावतील आणि विनाकारण चर्चा होईल.

खोकला. धुळीचा.

एक शोध: दोन उशा घेऊन टेकून पडलं की मला बरं वाटतं, पण आवाज मंद होतो. उशी काढली की स्पष्ट. म्हणून उशी बंद. सपाट पडल्यावर छातीवर कोणी बसल्यासारखं होतं खरं. पहिली काही मिनिटं सोसावी लागतात. मग ती येते, आणि एवढं काही वाटत नाही.

मंगळवार, १८ मार्च

आज रुसली होती की काय कोण जाणे, आवाज वेगळा आला. बुडबुडे जास्त, शीळ कमी. शेवटच्या महिन्यात व्हायचा तसा. तेव्हा मी रात्रंदिवस तिच्या पाठीला हात लावून बसायचो.

आज हात कुठे लावायचा कळेना. गादीवर ठेवला.

मग उठलो आणि सगळ्या खिडक्या उघडल्या. तेव्हाही उघडायचो.

शुक्रवार, २१ मार्च

क्लासला गेलो. न जाऊन हेडमास्तरांना बोलायला जागा कशाला द्यायची? दवाखान्याचा जिना चढताना एक म्हातारी मला ओलांडून गेली. काठीवाली.

आज पेल्यातल्या पाण्यात नळीने फुंकर मारायची होती. बुडबुडे जितके संथ आणि लांब, तितका श्वास चांगला. ट्रम्पेटवाल्यांचे बुडबुडे संपेचनात. सगळे बघत राहिले. मी म्हटलं, यात काय, मी रोज तीनदा करतो. नळी घेतली. दोन बुडबुडे आले. मग समोरची भिंत एका बाजूला कलली आणि मी खुर्चीत होतो, ट्रम्पेटवाले मला वारा घालत होते आणि हेडमास्तर हात वर करून बाईंना हाक मारत होते. पेला त्यांच्याच मांडीवर सांडला. तेवढं एक समाधान.

श्वासबाईने पट्टा लावला. १८८/१०८. म्हटलं, हे मशीन... तिने वाक्य पुरं करू दिलं नाही. खाली वाकून माझ्या घोट्यावर अंगठा दाबला. अंगठा काढला तरी खड्डा तसाच राहिला. काका, गोळ्या घेताय ना? म्हटलं, पाकीट बघा हवं तर. आत्ताच्या आत्ता खाली डॉक्टरांकडे जा, मी या सगळ्यांना बसवून आलेच, म्हणाली. हेडमास्तर सोबत निघाले होते. त्यांना म्हटलं, ओल्या पँटने कुठे फिरता?

खाली गेलो. डॉक्टरीणबाईंच्या दारापर्यंत गेलो. आत गेलो असतो तर ॲडमिट केलं असतं. मग घरी कोण होतं?

रिक्षा केली.

रविवार, २३ मार्च

ती आहे. दिवसभर. आता बसलो तरी ऐकू येते. पडायची गरज उरली नाही. बाहेरच्या खोलीतही आली. स्वयंपाकघरातही.

फोन वाजतोय. उचलायला उठवत नाही. नंतर.

गुरुवार, २७ मार्च. हॉस्पिटल

लिहायला आज परवानगी मिळाली. क्रमाने लिहितो.

रविवारी मुलगी आली. श्वासबाई दोन दिवस मला फोन करत होती, शेवटी तिने मुलीचा नंबर शोधून काढला. चार तासांचा रस्ता, तिने अडीचमध्ये काटला असं जावई सांगतात. स्वतःच्या किल्लीने दार उघडून आत आली. मी आतल्या खोलीत पलंगाला टेकून खाली बसलो होतो.

तिला बघून मला आनंद झाला, तो भेटीचा एवढा नाही. साक्षीदार मिळाला म्हणून झाला. ती काही बोलायच्या आत मी ओठांवर बोट ठेवलं. ऐक, म्हटलं.

ती थांबली. खोलीत आवाज होता, चांगला मोठा. शीळ आणि बुडबुडे. तिने ऐकला. तिला ऐकू आला! तिचा चेहरा पांढरा पडला, आणि मी बघत होतो की तिला ओळख पटतेय. लहानपणी तिला आईच्या कुशीतच झोप लागायची. हा आवाज ती विसरेल कशी?

आई, म्हणाली ती. अगदी हळू.

मी म्हटलं, बघ. मी कोणाला सांगितलं नाही. गोळ्या घेतल्या की जाते. म्हणून बंद केल्या. तू कोणाला सांगू नकोस.

ती माझ्याजवळ खाली बसली. मला वाटलं मिठी मारतेय. तिने कान माझ्या छातीला लावला. बराच वेळ तसाच ठेवला. तिचे केस माझ्या हनुवटीला लागत होते. मग मान वर न करताच म्हणाली, बाबा, आई नाहीये. हे तुमच्यातून येतंय.

मी म्हटलं, वेडी आहेस का, छत्तीस वर्षं मी आवाजच...

पुढचं बोलायला दम पुरला नाही. मी थांबलो. माझ्याबरोबर आवाजही थांबला. मी श्वास घेतला. तो आला.

पुढचं तुटक आठवतं. चष्म्याचं घर तिच्या हातात होतं, ते मीच दिलं. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. लिफ्ट बंद, म्हणून मला खुर्चीत बसवून खाली नेलं. शिवणकामवाल्या बाईने खुर्चीचा एक पाय धरला होता.

इथले डॉक्टर तरुण आहेत. समजावून सांगतात. प्रेशर सतत वर राहिलं, हृदय थकलं, फुप्फुसांत पाणी साठलं. सपाट पडलं की ते पसरतं, म्हणून तेव्हा आवाज जास्त. गोळीने पाणी निघून जायचं, म्हणून आवाज जायचा. दोन दिवस आणखी घरी थांबला असतात तर, म्हणाले, आणि पुढचं बोलले नाहीत. मी विचारलं, दम्याचा आवाज आणि हा, सारखा असतो का? म्हणाले, बाहेरून ऐकणाऱ्याला पुष्कळदा सारखाच वाटतो. अनुभवी माणूसही फसतो.

अनुभवी माणूसही फसतो, हे त्यांनी स्वतःहून म्हटलं. मुलगी तिथे होती, तिने ऐकलं.

सोमवार, ३१ मार्च. हॉस्पिटल

शिरेतून औषध. पाच किलो उतरलो. सगळं पाणी.

रोज सकाळी ते स्टेथोस्कोप लावतात. डावीकडे, उजवीकडे, खाली. आज म्हणाले, व्वा, एकदम साफ. मी विचारलं, अगदी काहीच नाही? ते म्हणाले, काहीच नाही. पुन्हा एकदा बघा म्हटलं. त्यांनी बघितलं. नाही.

ते खूश होते. नर्सही खूश होती. मुलगी त्यांचे आभार मानत होती. मी भिंतीकडे तोंड केलं. पाठीला आराम म्हणून.

शुक्रवार, ४ एप्रिल

घरी. मुलगी आठवडाभर राहणार. गोळ्या तिच्या ताब्यात, जीभ उचलून दाखवावी लागते. आम्ही आवाजाबद्दल बोलत नाही. काल ती आतल्या खोलीत चादर बदलत होती, मधेच थांबून उभी राहिली. मी दारात होतो. म्हणाली, मलाही क्षणभर वाटलं होतं, बाबा. मग चादर खोचून टाकली.

हेडमास्तर येऊन गेले. हात वर न करता बसले, गप्पा मारल्या. माणूस एवढा वाईट नाही. जाताना म्हणाले, आमची मंडळी गेल्यावर मी वर्षभर दोन ताटं मांडायचो. मी म्हटलं, माझं तसं काही नाही.

मंगळवार, १५ एप्रिल

मुलगी परवा गेली.

आज क्लास. जिना न थांबता चढलो. बूट घालून. श्वासबाईने पट्टा लावला. १२६/७८. तिने दोनदा घेऊन खात्री केली. हेडमास्तरांपेक्षा कमी! त्यांनी सगळ्यांना उभं करून टाळ्या वाजवायला लावल्या. ट्रम्पेटवाल्यांनी तोंडानेच काहीतरी वाजवलं. एवढा कमी आकडा मला जन्मात कधी आला नव्हता. मशीन उत्तम आहे.

घरी आलो. बूट काढले आणि आतल्या खोलीत जाऊन आकडा मोठ्याने सांगितला.

मग उशी बाजूला केली आणि सपाट पडलो. चार आत, सहा बाहेर. पोट वर, पोट खाली, खांदे सैल, सगळं बाईने शिकवलंय तसं. श्वास इतका स्वच्छ येत-जात होता की तो माझा मलाही ऐकू येत नव्हता. दिवे लागायची वेळ होईपर्यंत पडून राहिलो.

उठलो. पिवळी गोळी घेतली. मुलीला फोन केला, १२६ म्हणून सांगितलं. ती म्हणाली, खरं सांगा बाबा, गोल करू नका. म्हटलं, खरंच १२६ आहे गं. ती रडायला लागली. म्हटलं, ओठांचा चंबू कर आणि हळूहळू सोड. तिने सोडला. फोन कानाला लावून मी ऐकत राहिलो.